भिंगरीचं ठिगळ

१० जानेवारी

काका,

नमस्कार. मी पेशींच्या विभागातली. तुम्ही मला डॉक्टरीणबाई म्हणायचात आणि माझ्या बाटल्या सगळ्यांत आधी धुऊन द्यायचात. तुम्हाला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आधी ओळख दिली.

काम काकूंबद्दल आहे. आजारी पडायच्या आधी एकदा त्या तुमचा डबा घेऊन आल्या होत्या आणि आमच्या संशोधनासाठी हौसेने रक्त देऊन गेल्या. त्या रक्तातल्या पेशींना आम्ही मागे नेलं, बाळाच्या सुरुवातीच्या पेशींसारखं कोवळं केलं, आणि त्यांपासून हृदयाच्या स्नायूच्या पेशी वाढवल्या. असं पुष्कळ जणांच्या रक्ताचं केलं. काकूंच्या पेशी सगळ्यांत उत्तम निघाल्या. त्या गोठवून ठेवल्या आहेत. वाढवल्या की बशीत धडधडतात.

झटका आला की हृदयाच्या स्नायूचा तुकडा मरतो आणि पुन्हा उगवत नाही, तिथे नुसता व्रण राहतो. अशा हृदयावर या पेशींचा पातळ पापुद्रा शिवायचा प्रयोग आता माणसांवर सुरू होतोय. पहिले चार रुग्ण ठरलेत. पण काकूंची संमती फक्त प्रयोगशाळेतल्या अभ्यासाला होती. माणसांसाठी वापरायचं तर तुमची सही लागेल. कागद सोबत आहे. मनाला पटलं तरच करा.

— डॉक्टरीणबाई


१८ जानेवारी

बाई,

कागद मिळाला. सही करीत नाही.

रागावू नका. तुमचे पत्र आल्यापासून मला जेवण जात नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला वाटत होते, ती गेली, सुटली. आणि तुम्ही लिहिता की ती बशीत धडधडते. तिला थंडी सोसत नसे, तिला तुम्ही गोठवून ठेवले. वीज गेली तर काय करता? सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे कोण बघते? तुमच्या बाटल्या धुण्यात माझा जन्म गेला, पण बाटलीत काय असते ते मला कोणी कधी दाखवले नाही. मीही विचारले नाही. फुटली तर काय, एवढीच मला काळजी.

त्याच दिवशी माझेही रक्त घेतले होते. त्याचे काय झाले ते तुम्ही लिहिले नाही. काही झाले नसणार. आमच्या घरातही तसेच होते. चालायचे ते तिचेच चालायचे.

बाई, ती आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबली. माझ्या थोरल्या बहिणीचे शिवणाचे दुकान आहे, शाळांचे गणवेश शिवते. तिथे ही फुकटात काजबटणे करायला जायची. हिला भिंगरी हे नाव बहिणीनेच पाडले, टोमणा म्हणून. मला ते आवडले, मीही तेच म्हणू लागलो. त्याच दुकानातून ती छातीला हात लावून बाहेर पडली आणि पुढे कधी धड उठली नाही. आता मेल्यावरही चार परक्यांच्या छातीत नोकरी? नाही. तिला बसू द्या.

पत्र पोचल्याचे कळवा. आमच्याकडचा पोस्टमन नवीन आहे.


४ फेब्रुवारी

सशा,

फोन करत नाही, कारण फोनवर तू आधी रडतोस आणि मग आपटतोस. कागदावर दोन्ही जमत नाही, म्हणून पत्र.

मला झटका आला होता हे मुलाने तुला कळवलंच होतं. तू फिरकला नाहीस. बरं झालं. तू आला असतास तर नर्सला आधी तुझीच नाडी बघावी लागली असती.

आता कामाचं. माझ्या हृदयाचा खालचा डावा भाग मेलाय. डॉक्टर म्हणतात, तो परत येत नाही. जे शाबूत आहे ते दोघांचं काम ओढतंय आणि त्या ओढाताणीने फुगत चाललंय. मला हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? उसवलेल्या जागी ताण आला की शेजारचं कापडही विरतं, हे मी चाळीस वर्षं बघतेय. त्यावर आता ठिगळ निघालंय. जिवंत स्नायूचं, वाढवलेलं, वरून शिवायचं. पहिल्या चौघांत माझं नाव लागलंय.

आणि सगळं अडलंय एका सहीपायी! ज्या माणसाच्या पेशी आहेत तो मेलाय म्हणे, आणि त्याच्या घरचा कुणी नतद्रष्ट सही देत नाही. नाव सांगत नाहीत. धनावर नाग बसतो तसा मेलेल्याच्या वाटीभर रक्तावर बसलाय. ना स्वतःला खाता येत, ना दुसऱ्याला देववत.

हे ठिगळ तुझ्याच जुन्या प्रयोगशाळेत होतं. तिथे तू आयुष्यभर बाटल्या विसळल्यास. कुणी ना कुणी ओळखीचं असेलच. त्या नागाचं नाव काढ आणि त्याला दोन शब्द सुनाव. सुनवायला जमत नसेल तर पत्ता मला दे, मी सुनावते.

इतक्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही. हेही मागत नाहीये, सांगतेय.

— अक्का


१३ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार लिहितो, कारण न लिहिला तर त्यावरूनही भांडशील.

तुझे पत्र वाचून मी पलंगावर बसलो. गॅस बंद केला होता की नाही ते दोनदा उठून पाहिले. केला होता.

मला आता तिथे कोणी ओळखत नाही. बाटल्या धुणाऱ्याला नोकरीत असतानाही कोण ओळखतो? तरी बघतो. वचन देत नाही. आणि ज्याला तू नाग म्हणतेस, त्याचीही काही बाजू असेल. त्याचे माणूस कसे गेले, कोणामुळे गेले, हे तुला काय ठाऊक? न बघितलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत. तुझी ती जुनी खोड आहे. बघितलेल्यांनाही तू सोडत नाहीस, ते वेगळे.

मला एकच गोष्ट सांग. झटका आला त्या दिवशी तुला पहिल्यांदा काय वाटले? हात दुखला का? तू काय केलेस? सगळे सविस्तर लिही.


२० फेब्रुवारी

सशा,

माझं काम राहिलं बाजूला, तुला माझ्या दुखण्याच्या गोष्टी हव्यात. ऐक, म्हणजे समाधान होईल.

दुकानात होते. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेले, पॅन्टींचा ढीग पडलेला. सकाळी पोट फुगल्यासारखं वाटलं, मग डावा हात जड झाला. मला वाटलं गॅस आहे. पाण्यात चमचाभर सोडा घालून प्यायले आणि कापायला बसले. दुपारी घाम सुटला, तरी बसले. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा कात्री हातात होती आणि मी कापडावर आडवी. डॉक्टरांनी मुलालाच झापलं. म्हणे, पहिल्या दोन तासांत आणलं असतं तर बराचसा स्नायू वाचला असता, इथे प्रत्येक मिनिटाला मांस मरतं. मी म्हटलं, त्याला कशाला बोलता, मलाच कळलं नाही.

झालं तुझं समाधान?

आता माझं ऐक. हृदय आणखी फुगलं तर मला यादीतून काढतील, तसं स्पष्ट सांगितलंय. जिना चढता येत नाही. मी दुकानातच झोपते. आणि तू त्या नागाची वकिली करतोयस! कोणामुळे गेलं म्हणे! माणसं आपल्या मरणाने मरतात. तुला ही सवयच आहे, घरात कोणी शिंकलं तरी दोष कोणाचा ते आधी शोधायचा.

नाव काढ.

— अक्का


२८ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार लिहीत नाही. भांड.

गॅस. सोडा. डावा हात. तुझे पत्र मी इतक्या वेळा वाचले की घडीवर फाटले आहे. लिहिताना तुझा हात एकदाही अडखळला नाही?

तुला आठवत नसेल तर मी आठवण देतो. शाळा उघडायचेच दिवस होते. तुझ्या दुकानात शर्टांचा ढीग, आणि भिंगरी काजे करायला तुझ्याकडे आलेली. तिने सांगितले, अक्का, डावा हात भरून आलाय, छातीत कसेसे होते. तू काय म्हणालीस? "गॅस असेल. काम दिसलं की हिचं काही ना काही दुखतंच. नाटकं पुरे." वर पाण्यात सोडा कालवून दिलास आणि म्हणालीस, "एवढे शर्ट उरक आणि मग खुशाल आडवी हो." ती उरकत बसली. ती तशीच होती. संध्याकाळी मी न्यायला आलो तेव्हा ती शेवटच्या शर्टावर दोरा दाताने तोडत होती. घामाने तिचे केस कपाळाला चिकटलेले. इस्पितळात मला डॉक्टरांनी जे सांगितले, ते तू आता मला तुझ्या पत्रात लिहून पाठवतेस. प्रत्येक मिनिटाला मांस मरते! मला माहीत आहे, अक्का. वर्षभर मी ते मरताना पाहिले. पायांना सूज, उशा रचून बसून झोपणे, भिंगरी आणि दोन पावलांवर धाप.

ती गेली तेव्हा तू भेटायला आलीस आणि म्हणालीस, "मुळातच नाजूक होती." त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलत नाही. का ते तू कधी विचारले नाहीस, कारण तुला ते ठाऊक होते.

आता ऐक. तुझे काम मी करून देऊ शकतो. कसे ते विचारू नकोस. सही मिळेल. पण आधी तू मला एक ओळ लिहून पाठव : त्या दिवशी मी चुकले. बस. नमस्कार नको, कारणे नकोत. ओळ आली की सही होईल.


६ मार्च

सशा,

मरेन, पण ती ओळ लिहिणार नाही.

आजारी माणसाच्या छातीवर पाय देऊन कबुली काढतोस? एवढी हिंमत तुझ्यात कुठून आली? लहानपणी फटाका वाजला की माझ्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसायचास, विसरलास? तुला शाळेत पोचवायचं म्हणून माझी शाळा रोज बुडायची. तेव्हा मी कोणाकडून ओळी लिहून घेतल्या नाहीत.

मी डॉक्टर आहे का? दुखतंय म्हणाली, मी घरात होतं ते दिलं. मीही स्वतःला तेच दिलं, दुसरं काय दिलं? आणि तिला तोंड नव्हतं? उठून जायला पाय नव्हते? भिंगरी होती ना!

तुझ्यात काही करून द्यायची ताकद नाही, उगीच बाता मारतोस. नको तुझी मदत. उद्या मुलाला सांगून माझं नाव यादीतून काढायला लावते. ज्याच्या त्याच्या नागाला ज्याचं त्याचं वारूळ लखलाभ.

यापुढे पत्र पाठवलंस तर न फोडता परत येईल.


२ एप्रिल

बाई,

काल मी तुमच्याकडे आलो तो सही करायला आलो नव्हतो. सगळे फेकून द्या, असे सांगायला आलो होतो. म्हणून मी खुर्चीवर बसायला तयार नव्हतो. तुम्हाला वाटले असेल, म्हातारा गुडघ्यामुळे उभा आहे.

तुम्ही म्हणालात, फेकायच्या आधी एकदा बघा तरी. त्या नळीला डोळा लावला तर मला आधी काहीच दिसेना. गुलाबी पाण्यात कचरा पडावा तसे. मग एक ठिपका हलला. मला वाटले माझाच हात थरथरतोय, म्हणून मी टेबलावरचा हात काढला. ठिपका हलतच राहिला. पलीकडे दुसरा होता, तो वेगळ्याच तालात. आणि मधे जिथे पुष्कळ ठिपके एकमेकांना चिकटले होते तिथे सगळे मिळून एकदम उडत होते, कोणी मोजून दिल्यासारखे. मी विचारले, यांच्यात ताल कोणाचा चालतो? तुम्ही म्हणालात, "ज्याची गती जास्त त्याचा. बाकीचे त्याच्यामागे जातात."

तेव्हा मला हसू आले. तुम्ही पाण्याचा पेला आणलात, त्याची गरज नव्हती.

सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी येऊन तिचे पाणी बदलते, हे ऐकून बरे वाटले. वीज गेल्यावर दुसरी वीज सुरू होते, ते यंत्रही तुम्ही दाखवलेत. ते मात्र जुने दिसते. तपासून घ्या.

मग मी विचारले, ठिगळ लावल्यावर रुग्णाला काय होते? तुम्ही म्हणालात, सुरुवातीला ते आपल्याच चालीने पळू बघते. रुग्णाला धडधड होते, स्वस्थ पडू देत नाही, आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो. पुढे हळूहळू जुळते.

बाई, तेवढे ऐकले आणि मी कागद मागितला. तुम्हाला वाटले असेल, म्हाताऱ्याचे मन द्रवले. तसे काही नाही. तुमच्या यादीत एक शिवणकाम करणारी म्हातारी आहे. आहे की नाही ते मी विचारत नाही, तुम्ही सांगणारही नाही. तिने नाव काढून घेतले नसेल तर लवकर करा. मी तुम्हाला लिहिले होते, "तिला बसू द्या," पण तिला बसून राहायची सवयच नव्हती. आणि त्या म्हातारीला स्वस्थ पडू न देणारे कोणीतरी पाहिजेच होते.

सही नीट आली आहे ना? पेन अडकत होते. वाटले तर पुन्हा येऊन करतो.


२५ मे

सशा,

पत्र पाठवू नकोस म्हटलं होतं. मी पाठवणार नाही असं म्हटलं नव्हतं.

ठिगळ लागलं. मुलाने नाव काढलंच नव्हतं, मला खोटं सांगितलं. तोही तुझ्यासारखाच लबाड निघाला. आणि सही आली आपोआप. बघितलंस? तुझ्या त्या ओळीवाचून काही अडलं नाही. नागाला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल होती.

टाके बरे आहेत. मी आणखी बारीक घातले असते.

पण हे ठिगळ जागेवर बसत नाही! मी पडून राहावं तर हे आत तुरतुर चाललेलं. डोळा लागला की पळायला लागतं, यंत्र बोंबलतं, नर्स धावतात. डॉक्टर म्हणतात, जुळेल, धीर धरा. कुणाची आहे ही बया? बाईचंच असणार. पुरुषाच्या जातीला कामाची एवढी घाई नसते. मरून गेली तरी पायाला विसावा नाही म्हणजे काय! जिवंतपणी हिने घरच्यांचं काय केलं असेल?

श्वास मात्र पुरतो. काल जिना चढले, अर्धा.

तुला तिथलं काही कळत असेल तर कोण होती ते लिही. ओळखीशिवाय मी कोणाला घरात ठेवत नाही.

— अक्का


१ जून

अक्का,

जिवंतपणी तिने घरच्यांचे काय केले, ते सांगतो. शर्टाची काजे केली. तुझ्या दुकानात, भिंतीकडच्या स्टुलावर बसून.

नाग मी होतो. रक्त भिंगरीचे आहे. माझा डबा घेऊन आली होती, तेव्हा दिले. तुला यादीतून काढायची वेळ आली तरी मी सही अडवून बसलो होतो आणि तुझ्या एका ओळीवर सोडणार होतो. तू ओळ दिली नाहीस, तरी मी सही केली. दया म्हणून केली असे समजू नकोस. ती तुला स्वस्थ पडू देणार नाही, हे डॉक्टरीणबाईंकडून पक्के विचारून घेतले आणि मगच केली.

ठिगळ आता काढता येत नाही. तेही विचारून घेतले आहे. जिला तू पहिल्या दोन तासांत इस्पितळात नेले नाहीस, तिला आता जिकडे जाशील तिकडे घेऊन जा.

ओळ नको. मला ती नको आहे.


२९ जून

अक्का,

माझे पत्र मिळाले का? उत्तर नाही. मुलगा फोन उचलत नाही. दुकानाचा फोन लागतो, पण कोणी घेत नाही.

मी तसे लिहायला नको होते. म्हणजे लिहिले ते खरेच आहे, पण आजारी माणसाला धक्का बसतो हे माझ्या लक्षात आले नाही. पत्र टाकले आणि परत पेटीशी गेलो. हात आत जात नाही. पोस्टमनला म्हटले, माझे मला दे, तो म्हणाला, आजोबा, एकदा टाकले की ते तुमचे नाही.

वाचून तुला काही झाले का? ती तुझ्याकडे आहे. तुला काही झाले तर ती पुन्हा जाईल. दोनदा मला झेपणार नाही.

शिव्या दे, पण कळव.


९ जुलै

सशा,

मेले नाही. तुझं नशीब फुटकंच आहे.

पत्र वाचलं तेव्हा नर्सने विचारलं, आजी, काय झालं, एकदम ठोके वाढले. मी म्हटलं, घरात भांडण आहे, तू बाहेर जा.

पुढे कितीतरी दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती आत पळायची, मी भिंतीकडे तोंड करून पडायची. पूर्वीही आमचं असंच असायचं आणि आधी हार तीच मानायची. या वेळी मानली नाही. तिची सवय तूच बिघडवलीस.

घरी सोडल्यावर दुकानात आले. फोन वाजत होता, तूच असणार म्हणून घेतला नाही. भिंतीकडचं तिचं स्टूल तिथंच होतं, त्याच्यावर पोरींनी रिळांचा डबा ठेवलेला. डबा खाली ठेवला, बसले. एक शर्ट घेतला आणि काज करायला लागले. तिच्याइतकं बारीक मला कधीच जमलं नाही, हे तुला सांगण्यात अर्थ नाही, तिला ठाऊक आहे. दोन काजं झाली आणि आत तिची पळापळ थांबली. सुईबरोबर चालायला लागली.

तुला जी ओळ हवी होती ती मी तिला सांगितली. मोठ्याने, शिकाऊ पोरींच्या देखत. त्या बघतच राहिल्या, म्हातारी शर्टाशी काय बोलते म्हणून.

तुला लिहून देणार नाही. तुझा काय संबंध? तिचा नवरा असशील, पण सध्या ती राहते माझ्याकडे. कसं आहे, बरं आहे का, असली रडकी पत्रं पाठवू नकोस. पाहायचं असेल तर पाय आहेत तुला. ये, आणि गुडघ्याचं कौतुक न सांगता ये.

शाळा उघडल्या, तरी गणवेश पुरे झालेले नाहीत. ढीग पडलाय. आम्हा दोघींना काम आहे.

— अक्का